कोल्ड रूम बंद पडली, क्लेम निम्माच मिळाला. रिन्यूअलच्या आधी नेमकं काय बघू?

गोडबरणी

नमस्कार मंडळी. बरंच लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आणि माझी नणंद मिळून एक छोटं युनिट चालवतो. थंड डेझर्टचे कप आणि बाटलीबंद फळपेयं. आम्ही दोघी धरून अकरा माणसं, एक कोल्ड रूम, एक डीप फ्रीझर. माल दुकानांना जातो आणि तीन-चार कॅफेंना.

शनिवारी रात्री साडेनऊला कुलूप लावलं तेव्हा सगळं ठीक होतं. सोमवारी सकाळी सहाला उघडलं तर कोल्ड रूम १९ अंशांवर! कॉम्प्रेसर ट्रिप झालेला. कधी झाला, देव जाणे. मंगळवारी मोठी ऑर्डर जायची होती म्हणून खोली छतापर्यंत भरलेली. दुपारी वास यायला लागला, पोरं म्हणाली ताई फेकून देऊ, आणि आम्ही फेकला. विमा कंपनीचे नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले मंगळवारी. तोवर त्यांना दाखवायला फिनाइलने धुतलेली रिकामी खोली आणि माझ्या फोनमधले सात फोटो एवढंच उरलं होतं.

क्लेम नाकारला नाही, हे खरं. पण चार महिन्यांनी हातात आलं ते नुकसानीच्या निम्म्याहून थोडंसंच वर. पत्रात 'अंडरइन्शुरन्स' आणि 'एक्सेस' असे दोन शब्द होते आणि खाली आकडा. ती ऑर्डर गेली ती गेलीच, वर त्या गिऱ्हाइकाने पुढे दीड महिना आमच्याकडून काही घेतलं नाही. त्याचं कुणी नावही काढलं नाही.

आता पॉलिसी वीस दिवसांत संपतेय. शिवाय एक मोठी दुकानसाखळी आमचा माल ठेवायला तयार झालीय, पण त्यांच्या करारात 'प्रॉडक्ट लायबिलिटी' हवं, 'रिकॉल'चा, म्हणजे माल बाजारातून परत मागवण्याचा खर्च आमचा, असं लिहिलंय. एजंट म्हणतो, पॅकेज घ्या, त्यात सगळं येतं. 'सगळं' म्हणजे काय येतं, हे विचारलं की तो नवीन ब्रोशर पाठवतो.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा. मला पुन्हा असलं पत्र वाचायचं नाहीये.

टपालपेटी

सोपं आहे. एजंट बदला.

गोडबरणी

एजंट माझ्या नणंदेचा दीर आहे. पुढचं बोलू नका.

राखेतला_पंचनामा

ताई, मी सत्तावीस वर्षं सर्व्हेअर होतो. जळलेली किचन, बुडालेली गोदामं, सडलेली कोल्ड स्टोरेज हेच पाहत आलो. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. पण आधी तीन गोष्टी सांगा. तापमानाची नोंद कशी ठेवता? कॉम्प्रेसर का ट्रिप झाला याचा मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घेतला होता का? आणि पॉलिसीत मालाची रक्कम कुणी ठरवली, कशावरून?

गोडबरणी

काका, खरं सांगते.

नोंद वहीत. क्लेमसाठी वही काढली तेव्हा मलाच लाज वाटली. महिनाभर एकाच निळ्या पेनाने ४, ४, ४, ४. रविवारीसुद्धा ४. रविवारी युनिट बंद असतं.

मेकॅनिक आला, रिले बदलला, पैसे घेऊन गेला. कागद नाही. जुना रिलेही त्यानेच नेला.

रक्कम एजंटनेच भरली. तीन वर्षांपूर्वी सुरू केलं तेव्हा कच्च्या मालाचा जो खर्च होता तो.

राखेतला_पंचनामा

रविवारचे चार अंश पाहूनही सर्व्हेअरने तुम्हाला काही विचारलं नसेल, तर माणूस सज्जन होता असं समजा. मी विचारलं असतं.

आधी तो निम्मा आकडा आला कुठून ते बघू. समजा त्या दिवशी युनिटमध्ये असलेल्या मालाची खरी किंमत १०० होती आणि पॉलिसीत लिहिलेली ६०. म्हणजे ४० भागांचा धोका तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलेला. मग नुकसान कितीही होवो, कंपनी त्याचे शंभरातले साठच मोजते. फ्रीझरमधला माल वाचला, गेला तो ४० चा, तर ४० चे २४. यात लोक हमखास फसतात. 'माझा विमा ६० चा होता आणि गेलं फक्त ४० चं, मग पुरे का मिळत नाहीत?' असं विचारतात. ॲव्हरेज क्लॉज म्हणतात तो हाच. पुढे त्या २४ मधून एक्सेस वजा, म्हणजे प्रत्येक क्लेममधला पहिला वाटा तुमचा. तो १० टक्के धरला तर उरले २१.६. चाळिसातले साडेएकवीस. तुमच्या पत्रातला हिशोब याच जातीचा असणार.

याला उपाय आहे. तुमच्यासारखा माल वरखाली होणाऱ्यांसाठी डिक्लरेशन पद्धतीची पॉलिसी असते: वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवसाची रक्कम लिहायची, दर महिन्याला खरा साठा कळवायचा, आणि हप्त्याचा हिशोब शेवटी सरासरीवर होतो. ते किचकट वाटत असेल तर निदान सगळ्यात भरलेल्या दिवसाचा आकडा तरी लिहा. तुम्ही रिकाम्या दिवसाचा लिहिला होता, तोही तीन वर्षांपूर्वीचा.

तयार मालाचं आणखी एक. उत्पादकाचा माल साधारणपणे खर्चाच्या भावाने मोजतात, विक्रीच्या नाही. पण मंगळवारची ऑर्डर तर विकली गेलेली होती, फक्त पोचवायची राहिली होती. अशा मालासाठी कराराच्या किमतीने भरपाई देणारा क्लॉज मागून घेता येतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आता मुख्य गोष्ट. नुकसान झालेला माणूस 'किती गेलं' हे सांगत असतो आणि आम्ही 'कशाने गेलं' ते शोधत असतो. तुमच्या १९ अंशांमागे चार कारणं असू शकतात. कॉम्प्रेसरमध्ये अचानक बिघाड. बाहेरचा वीजपुरवठा अपघाताने तुटला. वीज कंपनीने ठरवून केलेली कपात. किंवा शनिवारी कुणीतरी चुकून स्विच पाडला. माल चारही वेळा तसाच नासतो, पण विम्याच्या नजरेत ही चार वेगळी प्रकरणं आहेत. शीत मालाच्या पॉलिसीत पहिलं सहसा बसतं, दुसरं बसतं किंवा जादा हप्ता भरून बसवता येतं, तिसरं बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं आणि चौथ्यावर वाद होतो. तुमचं बसलं, बहुधा रिले बदलला एवढं तरी सांगता आलं म्हणून. तेवढ्यावर तुम्ही तरलात. पुढच्या वेळी मेकॅनिककडून दोन ओळी लिहून घ्या: काय बिघडलं, का बिघडलं. आणि निकामी भाग पिशवीत घालून, तारीख टाकून ठेवा.

डेटा लॉगर बसवा. दर दहा मिनिटांनी स्वतः नोंद करणारा, आणि तापमान चढलं की फोनवर मेसेज टाकणारा. मी हे विम्यासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त सांगतोय. तुमच्याकडे शनिवार रात्र ते सोमवार सकाळ असे साडेबत्तीस तास होते. मेसेज आला असता तर रात्री अकराला रिले बदलून झाला असता आणि हा धागा निघालाच नसता.

माल फेकला याबद्दल रागावत नाही, वास घेऊन कोण बसेल. पण फेकण्याआधी कंपनीला मेल करा, 'आरोग्याच्या कारणाने इतक्या वाजता नष्ट करतोय, आधी पाहायचं असल्यास कळवा'. मग बॅच नंबर दिसतील असे फोटो, मोजणी, वजन, दोन साक्षीदारांच्या सह्या. थोडे नमुने सील करून डीप फ्रीझरमध्ये. सात फोटो म्हणालात, त्यातले पाच एकाच कोपऱ्याचे असतील, पैज लावतो.

गोडबरणी

सहा. सहा एकाच कोपऱ्याचे.

आणि धंदा बुडाला त्याचं काय? तो दीड महिना?

राखेतला_पंचनामा

त्याला बिझनेस इंटरप्शन म्हणतात, व्यवसाय थांबल्याचा विमा. तुमच्याकडे तो नसणार, किंवा असला तरी आगीच्या पॉलिसीला जोडलेला असणार. आगीला जोडलेला विमा कॉम्प्रेसर बिघडला म्हणून जागचा हलत नाही. त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउनच्या पॉलिसीला जोडलेलं वेगळं संरक्षण लागतं. नियम साधा आहे: आधी मालमत्तेचं नुकसान, तेही त्याच पॉलिसीत बसणारं, आणि मग त्यापायी बुडालेला नफा. पहिली पायरी नसेल तर दुसरी नाही.

कोविडमध्ये जगभरच्या रेस्टॉरंटवाल्यांना हे कळलं. दारं बंद, टेबलं रिकामी, पण भिंतीला तडा नाही, म्हणजे 'नुकसान' नाही. ब्रिटनमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये निकाल बराचसा विमाधारकांच्या बाजूने लागला. तोही ज्यांच्या पॉलिसीत साथरोगाचा किंवा प्रवेशबंदीचा क्लॉज वेगळा लिहिलेला होता, त्यांच्याच.

रक्कम भरताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात. ताळेबंदातला निव्वळ नफा लिहून मोकळे होतात. विमावाल्यांचा 'ग्रॉस प्रॉफिट' वेगळा: उलाढालीतून फक्त ते खर्च काढायचे जे विक्री थांबली की आपोआप थांबतात. फळं, साखर, बाटल्या, झाकणं. भाडं थांबत नाही, कर्जाचा हप्ता थांबत नाही, तुमच्या अकरा माणसांचे पगार थांबत नाहीत. ते सगळं आत धरायचं. कमी लिहिलंत तर ॲव्हरेज इथेही लागतो.

भरपाई किती महिने मिळणार हेही तुम्हीच ठरवता. लोक १२ महिने लिहितात, कारण फॉर्मवर ते छापलेलंच असतं. आग लागली तर जागा दुरुस्त होऊन, यंत्रं येऊन, परवाने मिळून, शिवाय तुटलेलं गिऱ्हाईक परत यायला किती लागेल ते मोजा. माझ्या पाहण्यात इमारत सात महिन्यांत उभी राहिली पण विक्री दोन वर्षं सावरली नाही, असं झालंय. तुमचं छोटं आहे, कदाचित १२ पुरतील. पण बोटांवर मोजून लिहा.

तव्यावरची_वाफ

ताई, तुमचं गार, माझं गरम. माझं किचन आगीत गेलं म्हणून लिहितोय.

फ्रायरचा थर्मोस्टॅट अडकला. तेल तापत राहिलं. तेल साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे गेलं की बाहेरून ठिणगी लागत नाही, ते आपणहून पेटतं. पोऱ्याने घाबरून पाणी मारलं. पाण्याची वाफ होताना ते सतराशेपट पसरतं, त्यामुळे पेटतं तेल कारंज्यासारखं वर उडालं आणि थेट धूर ओढणाऱ्या हूडमध्ये शिरलं. पोरगा वाचला, भुवया गेल्या. त्याच्या भुवया परत आल्या, माझा डक्ट, म्हणजे हूडमधला धूर बाहेर नेणारा पाइप, नाही. आत वर्षभराचा चिकट तूपकट थर साचलेला होता, आग त्यातून छतापर्यंत गेली.

भिंतीला टांगलेला पावडरचा सिलिंडर होता. ज्वाळा विझवतो पण तेल गार करत नाही, पुन्हा पेटतं. खोल तेलाच्या आगीला वेट केमिकलचाच लागतो, युरोपात त्याला एफ वर्ग म्हणतात, अमेरिकेत के. हे मला आग विझल्यावर कळलं.

आता विम्याचं. माझ्या पॉलिसीत एक वॉरंटी होती: डक्ट ठरावीक मुदतीत व्यावसायिकाकडून साफ करून घ्यायचा आणि सर्टिफिकेट ठेवायचं. मी पानही उलटलं नव्हतं. आम्ही फिल्टर रोज धुवायचो, मला वाटलं हेच ते. क्लेम मिळाला, पण वाटाघाटीत मी दीड वर्षात म्हातारा झालो.

अमेरिकेत एनएफपीए ९६ नावाचं जे मानक आहे, त्यात डक्टची तपासणी लाकूड-कोळशाच्या चुलीला दर महिन्याला, चोवीस तास चालणाऱ्या किंवा भरपूर तळण-भाजणाच्या किचनला तीन महिन्यांनी, मध्यम कामाला सहा आणि अगदी हलक्या कामाला बारा महिन्यांनी सांगितलीय. तुम्ही कुठेही असा, हा ठोकताळा भिंतीवर लावायला हरकत नाही. तुमच्या पॉलिसीतला आकडा वेगळा असेल तर तो पाळा.

जाता जाता: १६६६ ची लंडनची मोठी आग पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून सुरू झाली, आणि त्यानंतर काही वर्षांनी निकोलस बार्बनने तिथे घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली. म्हणजे हा सगळा धंदा आपल्याच भट्टीतून निघालाय. हप्त्यात सूट मागायला हवी.

राखेतला_पंचनामा

वाफेभाऊंनी वॉरंटीचं काढलं ते फार बरं केलं. ताई, तुमची पॉलिसी घ्या आणि पेन्सिलने फक्त 'वॉरंटी' आणि 'कंडिशन' हे दोन शब्द जिथे जिथे आहेत तिथे गोल करा. तुम्ही कंपनीला काय काय वचन दिलंय, ते तिथे आहे. बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील.

आणि कोल्ड रूमच्या भिंती कशाच्या आहेत ते बघा. पत्र्याच्या दोन थरांमध्ये पांढरा थर्माकोल असेल, तर आगीच्या दृष्टीने तो विमा कंपन्यांना अजिबात आवडत नाही. एकदा आग पत्र्याच्या आत शिरली की बाहेरून पाणी पोचत नाही. रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, भरलेलं पॅनल असेल तर फॉर्मवर ठळक लिहा, हप्त्यात फरक पडू शकतो. थर्माकोल असेल तर तेही लिहा. लपवू नका. निदान त्या भिंतीतून गेलेल्या वायरींना पाइप घाला आणि चार्जर, हीटर, शेगडी तिच्यापासून लांब ठेवा.

बॅच_नंबर_विसरू_नका

मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, चौदा वर्षं. प्रॉडक्ट लायबिलिटी आणि रिकॉल ही दोन वेगळी जनावरं आहेत आणि ९० टक्के गोंधळ इथेच होतो. (आकडा माझा, मनातला.)

तुमचं पेय पिऊन कुणी आजारी पडलं, कुणाला काच लागली, त्याने नुकसानभरपाई मागितली, तर ती रक्कम आणि वकिलाचा खर्च प्रॉडक्ट लायबिलिटी देते. पण बाजारातून बाटल्या परत आणणं, वाहतूक, तपासण्या, नष्ट करणं, जाहीर सूचना, दुकानांना द्यावे लागणारे पैसे, यातलं काहीही ती देत नाही. बाटलीतल्या मालाची किंमतही नाही. ते सगळं रिकॉल किंवा कंटॅमिनेशनच्या पॉलिसीत. तिलाही अट असते: माल खाल्ल्याने शरीराला इजा होईल किंवा झाली, असं असावं लागतं. नुसती चव बिघडली, रंग उतरला, कप फुगला पण धोका नाही, तर त्यातून काही मिळत नाही. ती तुमची गुणवत्तेची चूक.

बाटलीवाल्यांनी डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हे नाव पाठ करावं. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली इथे एका कॅफेत मैत्रिणीने विकत घेऊन दिलेली जिंजर बिअर एक बाई प्यायली, आणि उरलेली ओतताना कुजलेली गोगलगाय निघाली असं तिचं म्हणणं. बाटली गडद, आतलं दिसत नव्हतं. पैसे तिने दिले नव्हते, म्हणून करार कुणाशीच नाही. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ठरवलं की करार नसला तरी उत्पादकाची शेवटच्या गिऱ्हाइकाप्रती जबाबदारी असते. गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. पण त्या न दिसलेल्या गोगलगायीमुळे तुमच्या दुकानसाखळीच्या करारात आज ती ओळ आहे.

आता माझ्या कारखान्यातलं. रात्रपाळीत लेबलचा रोल संपला, पोराने शेजारच्या रॅकवरचा लावला. रंग तोच, लोगो तोच. फक्त आतल्या मालात दूध होतं आणि लेबलवर नव्हतं. चाळीस मिनिटं लाइन तशीच चालली. पकडलं आम्हीच, सकाळी, पण तोवर एक ट्रक गेला होता. ट्रक वाटेतून परत बोलावता आला, कारण कुठली बॅच कुठल्या गाडीत हे कागदावर होतं. नसतं तर आठवड्याभराचं उत्पादन परत आणावं लागलं असतं. त्या दिवसापासून आमच्याकडे रोल बदलला की बारकोड स्कॅन केल्याशिवाय मशिन सुरूच होत नाही.

म्हणून ताई, डेझर्टमध्ये दूध, काजू-बदाम, गहू, अंडं यातलं काय आहे आणि पेयांच्या लाइनवर त्यातलं काय येऊ शकतं, हे आधी कागदावर काढा. युरोपच्या नियमात असे १४ घटक ठळक लिहिणं डिसेंबर २०१४ पासून बंधनकारक आहे. दुकानसाखळ्या साधारण तशीच यादी मागतात.

आणि 'क्लीन ब्रेक' ठरवा. दोन बॅचच्या मध्ये लाइन पूर्ण धुऊन, तशी नोंद करून मगच पुढे जायचं. मग चूक एका बॅचपुरती राहते. तुम्ही उरलेला माल पुढच्या बॅचमध्ये मिसळत असाल, मला माहितीये बरेच मिसळतात, तर विम्याच्या आणि रिकॉलच्या दृष्टीने तुमची आठवड्याभरात एकच बॅच झाली.

पुरवठादाराचंही तेच. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये सुदान १ नावाचा बंदी असलेला रंग मिरचीच्या पावडरीत सापडला. ती पावडर एका सॉसमध्ये गेली, आणि तो सॉस इतरांच्या सूपमध्ये, पिझ्झामध्ये, तयार जेवणांत. चारशेहून अधिक उत्पादनं शेल्फवरून उतरवावी लागली. बहुतेकांनी मिरची डोळ्यांनी पाहिलीही नसेल. पुरवठादाराकडे त्याच्या लायबिलिटीचं चालू सर्टिफिकेट मागा. लाजू नका, तुमच्याकडे ती साखळी तेच मागतेय.

टपालपेटी

सगळं पटतंय, पण एवढे विमे काढले तर छोट्या माणसाने कमवायचं काय? अकरा जणांचं युनिट आहे, विमानतळ नाही. त्यापेक्षा दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका, वेळ आली की वापरा. हप्ता म्हणजे गेलेला पैसा.

राखेतला_पंचनामा

अर्धं बरोबर बोलताय. फुटलेल्या क्रेट, एखादी नासलेली बॅच, बिघडलेला मिक्सर यांचा विमा काढूच नये. वारंवार होतं, थोडं जातं, ते गल्ल्यातून सोसायचं. म्हणूनच मी ताईंना एक्सेस वाढवून घ्यायला सांगेन, हप्ता उतरतो. पण एखाद्या पोराला तुमच्या कपातल्या न लिहिलेल्या शेंगदाण्याने दवाखान्यात न्यावं लागलं, तर त्या दाव्याला वरची मर्यादा नसते. तिथे तुमची डब्यातली बचत पुरत नाही, घरही पुरत नाही. माझा क्रम विचाराल तर आधी लायबिलिटी, मग आग, मग धंदा थांबल्याचा विमा, मग कोल्ड रूममधला माल. ताईंनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती. सगळेच करतात, कारण माल डोळ्यांना दिसतो.

रिकॉलची पॉलिसी मात्र सध्या लगेच घेऊ नका असं माझं मत. छोट्यांना ती महाग पडते. आधी करारात रिकॉलच्या खर्चावर वरची मर्यादा घालून घ्या. 'सर्व खर्च' या दोन शब्दांवर सही करू नका. आणि चूक साखळीच्या गोदामात झाली, त्यांनीच माल उन्हात ठेवला, तर खर्च त्यांचा, हेही लिहून घ्या. करारात जादा जबाबदारी अंगावर घेतलीत तर तुमची लायबिलिटी पॉलिसी ती उचलेलच असं नाही. कायद्याने तुमच्यावर जेवढी जबाबदारी येते तेवढंच ती बघते.

बॅच_नंबर_विसरू_नका

रिकॉलच्या मुद्द्यावर मी काकांशी सहमत नाही. साखळी म्हणजे एकदम शेकडो शेल्फ. पहिल्या वर्षी कमी मर्यादेची का होईना, घ्यावी. शिवाय बऱ्याच पॉलिसींबरोबर संकटकाळी सल्ला देणारी तज्ज्ञ मंडळी मिळतात, पहिल्या चोवीस तासांत काय बोलायचं आणि काय नाही हे सांगणारी. आम्हाला त्यांचाच जास्त उपयोग झाला.

राखेतला_पंचनामा

असेल. तुम्ही आतून पाहिलंय, मी बाहेरून. ताई, दोन्ही कोटेशन मागवा आणि ठरवा. लायबिलिटीत एक तारीख मात्र तपासा. पॉलिसी 'क्लेम्स मेड' असेल तर दावा पॉलिसी चालू असताना यायला हवा आणि घटना 'रेट्रोॲक्टिव्ह' तारखेनंतरची हवी, म्हणजे पॉलिसी मागच्या घटना जिथपासून धरते त्या तारखेनंतरची. कंपनी बदलताना ती तारीख पुढे ढकलली गेली, तर आज दुकानांत असलेला तुमचा माल उघडा पडतो.

आणि शेवटचं काम. मागच्या वर्षीच्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा मागताना भरून दिलेल्या अर्जाची, प्रत काढा. पॉलिसीची नको, फॉर्मची.

गोडबरणी

काढली. आत्ता समोर आहे. आठवा प्रश्न: 'तापमान वाढल्यास सूचना देणारा अलार्म आहे का?' उत्तर, हो. नववा: 'यंत्रांच्या देखभालीचा वार्षिक करार आहे का?' हो. अकरावा: 'सुट्टीच्या दिवशी जागेवर कुणी असतं का?' हो.

तिन्ही खोटं. अक्षर नणंदेच्या दिराचं, सही माझी. मी कोरा फॉर्म सही करून दिला होता.

काका, त्या सर्व्हेअरने हे पाहिलं असेल का?

राखेतला_पंचनामा

बहुधा नाही. पाहिलं असतं तर तो निम्माही आला नसता.

रिन्यूअलची वाट बघू नका, आजच लेखी कळवा. मेलमध्ये तीन ओळी पुरेत: फॉर्ममधली अमुक तीन उत्तरं चुकीची आहेत, खरी स्थिती ही, अमुक तारखेपर्यंत लॉगर आणि करार होतोय. हप्ता थोडा वाढेल, प्रश्न येतील, वाढू दे, येऊ दे. आणि नवा फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरा, घरात बसून, चहा घेत.

गोडबरणी

मेल गेला, आत्ता, ४ वाजून २० मिनिटांनी. लॉगरवाला गुरुवारी येतोय. वहीतलं पान फाडणार होते, नणंद म्हणाली राहू दे, तारीख टाकून रेघ मारून ठेवू.

मेलची प्रत तिच्या दिरालाही ठेवलीय. अजून फोन आलेला नाही.